घरचं ५.१ : पाच स्पीकर बसवूनही स्टिरिओच ऐकू येत असेल तर

ठाण्याला मामांच्या घरी पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर) आठ महिने वाजत होते. मागच्या दोन स्पीकरमधूनही आवाज यायचा, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. एका रविवारी मी सेटिंग उघडून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की टीव्ही बाहेर फक्त दोन चॅनल पाठवत होता आणि रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारी ॲम्प्लिफायरची पेटी) तेच दोन चॅनल पाचही स्पीकरना वाटून देत होता. टीव्हीतला एक पर्याय बदलला आणि सिनेमातला पाऊस पहिल्यांदा सोफ्याच्या मागे पडला.

त्यानंतर नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच घरी ही जोडणी करून दिली. चुका जवळपास सगळीकडे त्याच निघतात, आणि त्यांतल्या बहुतेक क्रम चुकल्यामुळे होतात. आधी सेट घरी येतो, मग टीव्हीला कोणती पिन आहे ते बघितलं जातं. आधी भिंतीला भोकं पडतात, मग कळतं की सोफा तिथे बसत नाही. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

सुरू करण्याआधी एकच गोष्ट पक्की करून घ्या. ५.१ म्हणजे सहा वेगवेगळे आवाज: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला सेंटर, मागचा डावा, मागचा उजवा आणि सबवूफर. हे सहा आवाज सिनेमाच्या फाइलपासून किंवा ओटीटी ॲपपासून टीव्ही, केबल, डीकोडर (एकत्र आलेले आवाज सुटे करणारा भाग) आणि ॲम्प्लिफायर या वाटेने स्पीकरपर्यंत वेगळेच राहायला हवेत. या वाटेवर कुठेही दोनच चॅनल झाले, की पुढे कितीही स्पीकर लावा, तो स्टिरिओच.

टप्पा १ : खरेदीआधी टेप, कागद आणि टीव्हीची पाठ

दुकानात जाण्याआधी अर्धा तास यासाठी द्या.

१. टीव्हीच्या मागे टॉर्च धरा आणि मोबाइलने सगळ्या पिनांचा फोटो काढा. एचडीएमआयच्या एखाद्या पोर्टशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय का ते पाहा. चौकोनी, झाकणाची ‘ऑप्टिकल’ पिन आहे का तेही पाहा. एआरसी असेल तर उत्तम. फक्त ऑप्टिकल असेल तरी काम होतं, पण त्याची एक अडचण टप्पा ६ मध्ये सांगितली आहे. दोन्ही नसतील आणि फक्त हेडफोनची पिन असेल, तर त्या टीव्हीतून ५.१ बाहेर येणार नाही. मग सेट-टॉप बॉक्स किंवा स्ट्रीमिंग स्टिक आधी रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला अशी उलटी जोडणी करावी लागेल, म्हणजे एचडीएमआय इनपुट असलेलाच रिसीव्हर घ्यावा लागेल.

२. हॉलचा नकाशा कागदावर काढा. टीव्हीची भिंत, सोफा, दारं, खिडक्या, स्विचबोर्ड, बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा, सगळं दाखवा. मापं फुटांत लिहा.

३. सोफ्यावर तुम्ही नेहमी बसता तिथे बसा आणि जमिनीपासून कानाची उंची मोजून घ्या. ती साधारण सव्वातीन ते साडेतीन फूट भरते. पुढचं सगळं या मापावर ठरतं.

४. पाच स्पीकरच्या जागा नकाशावर मारा. पुढचे दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे: स्पीकर तुमच्यापासून नऊ फुटांवर असतील तर त्यांच्यात एकमेकांत नऊ फूट. आपल्या हॉलमध्ये इतकी रुंदी बऱ्याचदा नसते, तेव्हा हे अंतर पाऊण पटीपर्यंत कमी केलेलं चालतं. त्याहून जवळ आणले तर डावं-उजवं एकमेकांत मिसळतं. सेंटर टीव्हीच्या बरोबर खाली किंवा वर. मागच्या दोघांसाठी सोफ्यावर बसून दोन्ही हात खांद्यातून सरळ बाजूला पसरा आणि थोडे मागे न्या. हात दाखवतात ती दिशा बरोबर. उंची कानापेक्षा एक ते दोन फूट जास्त.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो ही बहुतेक फ्लॅटमधली खरी अडचण. शक्य असेल तर तो एक-दीड फूट पुढे ओढा. सबवूफरचा घुमाही त्याने कमी होतो. ओढता येत नसेल तर मागचे स्पीकर सोफ्याच्या दोन्ही टोकांना, बाजूच्या भिंतींवर लावा. एका बाजूला भिंतच नसेल, पॅसेज किंवा डायनिंग असेल, तर त्या बाजूला स्टँड. पण दोन्ही स्पीकर तुमच्यापासून साधारण सारख्याच अंतरावर आणि सारख्याच उंचीवर ठेवा.

*सावधान:* मागचे स्पीकर छताच्या कोपऱ्यात तिरके टांगू नका. तिथे ते दिसायला नीटनेटके वाटतात आणि वायर लपवणंही सोपं जातं, म्हणून वायरमन तीच जागा सुचवतो. पण मग आवाज बाजूने येत नाही, डोक्यावरून येतो, आणि ५.१ मधला मागचा आवाज त्या जागेसाठी बनवलेला नसतो.

टप्पा २ : काय घ्यायचं

बजेटमध्ये तीन वाटा आहेत.

*पहिली, तयार सेट.* पुढे साउंडबार, मागे दोन वायरवाले स्पीकर आणि एक सबवूफर, ज्यात ॲम्प्लिफायरही असतो. सोनीचा एचटी-एस२०आर हा या प्रकारातला ओळखीचा सेट. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, पुढे काही वाढवायचा विचार नसणाऱ्यांना मी हाच प्रकार सुचवतो. जोडणी सोपी असते आणि डीकोडर आतच असतो. मर्यादाही स्पष्ट आहे: यातले स्पीकर त्याच पेटीसाठी बनवलेले असतात. त्यांचा रोध तीन-चार ओम असू शकतो, त्यामुळे ते उद्या दुसऱ्या रिसीव्हरला लावायचे ठरवलं तर आधी तो रिसीव्हर इतका कमी रोध चालवतो का ते बघावं लागतं.

*दुसरी, रिसीव्हर आणि सुटे स्पीकर.* खर्च जास्त, पण टप्प्याटप्प्याने करता येतो आणि एखादी वस्तू बिघडली तर तेवढीच बदलते. स्वतःचं घर असेल आणि सिनेमा नियमित बघत असाल तर ही वाट धरा. पैसे घालायचा क्रम असा: रिसीव्हर आणि पुढचे दोन स्पीकर, मग सेंटर, मग सबवूफर, शेवटी मागचे दोन. सेंटर आणि पुढचे दोन एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज मध्येच बदलतो. मागचे स्पीकर स्वस्तातले असले तरी फार बिघडत नाही. सेंटरवर मात्र काटकसर करू नका. सिनेमातले जवळजवळ सगळे संवाद तिथून येतात, आणि ‘बोलणं कळत नाही’ ही तक्रार सर्वांत आधी तिथेच सुरू होते.

*तिसरी, कॉम्प्युटरसाठीचे ५.१ मल्टिमीडिया स्पीकर.* सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. पेटीवर मोठ्या अक्षरात ‘५.१’ असतं, पण मागे फक्त एक लाल आणि एक पांढरी पिन असते. म्हणजे आत दोन चॅनल येतात आणि तेच सगळीकडे वाटले जातात. सोबतचं ब्लूटूथ आणि पेन ड्राइव्हचं पोर्टही स्टिरिओच वाजवतं. खरा ५.१ आत यायचा तर मागे यांपैकी एक हवं: एचडीएमआय एआरसी, ऑप्टिकल इनपुट, किंवा सहा वेगळ्या पिना. सहा पिनांचा सेट असेल तर ऑप्टिकल घेऊन सहा आवाज वेगळे करून देणारी डीकोडरची छोटी डबी वेगळी घ्यावी लागते. डेस्कटॉप कॉम्प्युटरला हिरवी, नारंगी आणि काळी अशा तीन पिना (प्रत्येकीतून दोन आवाज) असतील तर डबीशिवाय थेट जोडता येतं.

*दुकानात हे तपासा:*

– वॅट विचारताना ‘आरएमएस किती’ (म्हणजे सतत देता येणारी ताकद) असंच विचारा. ‘पीएमपीओ’चे हजारांतले आकडे कशालाही लागू पडत नाहीत, त्यांच्याकडे बघू नका.

– ‘वायरलेस रिअर’ म्हटलं तरी त्या मागच्या स्पीकरना बहुतेक वेळा विजेचा प्लग लागतो. सोफ्यामागे सॉकेट आहे का ते आठवा. नसेल तर स्पीकरची वायर वाचवून एक्स्टेन्शन बोर्ड ओढावा लागेल.

– डेमो लावताना रिसीव्हर ‘ऑल चॅनल स्टिरिओ’वर तर नाही ना, हे डिस्प्लेवर बघा. या मोडमध्ये पाचही स्पीकर जोरात वाजतात आणि ऐकणाऱ्याला तेच सराउंड वाटतं.

– वापरलेला रिसीव्हर घेत असाल तर पाचही चॅनल एकेक करून वाजवून घ्या, अर्धा तास चालू ठेवा आणि मोजणीचा माइक सोबत आहे का विचारा. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या बाजूला जाणार असाल, तर टप्पा १ चे फोटो आणि नकाशा मोबाइलमध्ये असू द्या.

छतातून आवाज देणाऱ्या ॲटमॉसचा मोह या बजेटमध्ये टाळा. त्याच पैशात सेंटर आणि सबवूफर चांगले घेतले तर फरक रोज ऐकू येतो.

टप्पा ३ : वायरचं माप आणि प्रत

वायर कमी पडणं ही सर्वांत सामान्य चूक, कारण मोजताना लोक हवेतून सरळ रेषा धरतात. वायर भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून फिरून जाते.

एक उदाहरण घेऊ. हॉल १० × १५ फूट, टीव्ही दहा फुटी भिंतीच्या मध्यावर आणि रिसीव्हर त्याच्याखाली. मागच्या डाव्या स्पीकरसाठी: कोपऱ्यापर्यंत ५, भिंतीने मागे १३, वर चढायला ५ आणि दोन्ही टोकांना मिळून ३ फूट जास्तीची. झाले २६ फूट. उजव्या भिंतीत दार असेल तर चौकटीने वर सात आणि खाली सात असे १४ फूट वाढतात, म्हणजे ४०. दोन्ही मिळून ६६ फूट, साधारण २० मीटर. पुढच्या तिघांसाठी सात-आठ मीटर. म्हणजे तीस मीटर घ्यावी. डावी आणि उजवी वायर सारख्याच लांबीची हवी असं काही नाही. जास्तीची गुंडाळी टीव्हीमागे कोंबून ठेवू नका.

प्रत: दोन पदरी, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची १.५ स्क्वेअर एमएम. या मापाच्या १२ मीटर वायरचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.३ ओम होतो. वायरचा रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी असावा असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे आठ ओमच्या स्पीकरला ०.४ ओमपर्यंत चालतं. हीच लांबी ०.७५ ची घेतली तर रोध दुप्पट होऊन मर्यादेबाहेर जातो.

*तपासा:* दुकानातच वायरचं टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आत लालसर तांबं दिसलं तर ठीक. वरून तांबूस आणि आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते हाताला हलकं लागतं, रोध जास्त असतो आणि वाकवलं की लवकर तुटतं. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर त्याची उघडी टोकं लवकर खराब होतात.

वायरला ठळक रेघ असलेली बाजू नेहमी ‘प्लस’ धरा. घरात सगळीकडे हाच नियम ठेवा.

टप्पा ४ : भोकं पाडण्याआधी सगळं जमिनीवर जोडा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मग शिडीवर चढून वायर उलटी करत बसावं लागतं.

१. रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं रिमोटने बंद करणं पुरेसं नाही.

२. पाचही स्पीकर हॉलच्या मध्यभागी जमिनीवर ठेवा. प्रत्येकी एक वायर तोडा, पण मोजलेल्या पूर्ण लांबीचीच. दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी लावून ‘मागचा डावा’, ‘सेंटर’ असं लिहा. डावा-उजवा नेहमी सोफ्यावर बसून टीव्हीकडे तोंड करून धरायचा.

३. टोक साधारण एक सेंटिमीटर सोला, तारांना घट्ट पीळ द्या आणि लाल पिनेत प्लस, काळ्या पिनेत मायनस बसवा. एकही सुटी तार शेजारच्या पिनेला लागता कामा नये. तेवढ्याने शॉर्ट होऊन रिसीव्हर ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडतो, आणि नशीब वाईट असेल तर ॲम्प्लिफायर जातो.

४. सबवूफरसाठी रिसीव्हरच्या ‘सब आउट’पासून सबवूफरच्या ‘एलएफई’ (खर्जाचा चॅनल) इनपुटपर्यंत एकच आरसीए केबल. ‘एलएफई’ पिन नसेल तर डाव्या इनपुटला लावा. सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण (कुठल्या आकड्याखालचा खर्ज सबवूफरने वाजवायचा ती सीमा) सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवा, कारण ते काम आता रिसीव्हर करणार आहे. दोन्हीकडे क्रॉसओव्हर लावला तर मधला खर्ज गायब होतो. आवाजाचं बटण मध्यावर.

५. सुट्या तारा पुन्हा एकदा बघा, आवाज शून्यावर ठेवा, मग प्लग लावा. मेनूमधून ‘टेस्ट टोन’ सुरू करा. ‘खर्रर्र’ असा आवाज एकेका स्पीकरमधून फिरेल. पडद्यावर जे नाव आलं त्याच स्पीकरमधून आवाज येतोय का ते चिठ्ठीशी ताडून बघा.

*तपासा, प्लस-मायनस:* पुढचे दोन स्पीकर तुमच्याकडे तोंड करून, शेजारी-शेजारी ठेवून एखादं साधं गाणं स्टिरिओमध्ये लावा. गायकाचा आवाज दोघांच्या मध्ये नेमका उभा राहिला आणि खर्ज भरलेला वाटला तर जोडणी बरोबर. आवाज पसरट, पातळ, कुठून येतोय ते कळत नाही असा वाटला तर एका स्पीकरची वायर उलटी आहे. वायर कुठे जोडली गेलीय हे दिसतच नसेल तर ती रिसीव्हरकडून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल तिच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला असेल तर स्पीकरचा मोठा पडदा बाहेर येतो, उलटं असेल तर आत जातो. सेल धरून ठेवू नका, नुसता टेकवा. अगदी छोट्या स्पीकरमध्ये ही हालचाल दिसत नाही, तिथे कानावरच भिस्त.

तयार सेटमध्ये रंगीत प्लग असतात, त्यामुळे हा ताप कमी. मात्र मागची वायर वाढवण्यासाठी ती मधून कापणार असाल, तर कापण्याआधी कोणती बाजू रेघेची आहे त्याचा फोटो काढा.

टप्पा ५ : भिंत, पट्टी आणि सबवूफरची जागा

पाचही स्पीकर जमिनीवर बरोबर वाजल्यावरच ड्रिल हातात घ्या.

*सावधान:* स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका. कन्सील्ड वायरिंगचे पाइप त्याच रेषेत वर जातात. बाथरूम किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीत पाण्याच्या लाइनचा अंदाज घेतल्याशिवाय हात घालू नका.

स्पीकरची वायर विजेच्या वायरच्या पाइपमधून कधीही ओढायची नाही. ते असुरक्षित आहे, शिवाय गुणगुण ऐकू येते. विजेची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. भिंतीच्या कडेने पीव्हीसीची केसिंग पट्टी लावून त्यात वायर बसवली की दिसायलाही बरं आणि झाडू-पोछा करताना ओढलीही जात नाही. गालिच्याखालून किंवा दाराच्या फटीतून वायर नेऊ नका. काही महिन्यांत ती आतून तुटते आणि दोष सापडता सापडत नाही.

सेंटर टीव्हीच्या कपाटात खोल ढकलू नका. फळीच्या पुढच्या काठाशी आणा आणि खाली असेल तर पुढून रबराचा तुकडा देऊन कानाच्या दिशेने किंचित वर करा. फळीवर मागे ठेवलेला सेंटर पेटीत बोलल्यासारखा ऐकू येतो.

सबवूफरची जागा डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्याला सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. ज्यात खर्जाचा एकसारखा ठेका आहे असं काहीतरी लावा, पखवाजाची धुम चांगली लागते. आता ज्या-ज्या ठिकाणी सबवूफर ठेवता येईल तिथे जाऊन, वाकून कान जमिनीजवळ न्या. काही ठिकाणी ठेका घुमेल, काही ठिकाणी नाहीसा होईल. जिथे प्रत्येक थाप सुटी आणि सारखी ऐकू येते, तिथे सबवूफर ठेवा. कोपरा सर्वांत मोठा आवाज देतो, पण बहुतेक वेळा तो घुमट आवाज असतो.

फ्लॅटमध्ये सबवूफरखाली जाड रबराचे किंवा फोमचे तुकडे द्या. खर्ज स्लॅबमधून खालच्या घरी पोहोचतो, आणि तुम्हाला सहन होणारा आवाज खालच्यांच्या छातीत बसत असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६.

टप्पा ६ : टीव्हीशी जोडणी आणि तो एक पर्याय

मामांच्या घरचा घोटाळा इथला होता, म्हणून इथे घाई करू नका.

१. टीव्हीच्या *एआरसी लिहिलेल्याच* पोर्टपासून रिसीव्हरच्या किंवा साउंडबारच्या एआरसी पोर्टपर्यंत एचडीएमआय केबल लावा. रिसीव्हरवर हे पोर्ट बहुतेक ‘एचडीएमआय आउट’ असतं. शेजारच्या पोर्टमध्ये लावली तर आवाजच येत नाही आणि दोष केबलला दिला जातो. महागडी केबल लागत नाही, साधी चांगली पुरते.

२. टीव्हीत सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना चालवायची सोय) सुरू करा. सॅमसंगमध्ये त्याला ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिमलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक म्हणतात. रिसीव्हरमध्येही सीईसी आणि एआरसी सुरू करा.

३. टीव्हीत आवाजाचं आउटपुट ‘टीव्ही स्पीकर’वरून ‘एचडीएमआय एआरसी’ किंवा ‘रिसीव्हर’वर न्या.

४. आता तो पर्याय. ‘डिजिटल ऑडिओ आउट’ किंवा तशाच नावाखाली ‘पीसीएम’, ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’, ‘पास-थ्रू’ असे पर्याय दिसतील. ‘पीसीएम’ असेल तर साध्या एआरसीतून आणि ऑप्टिकलमधून दोनच चॅनल बाहेर येतात. ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडा.

५. स्ट्रीमिंग स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याच्याही सेटिंगमध्ये सराउंड किंवा डॉल्बी डिजिटल सुरू करा. हे वेगळं सेटिंग आहे. टीव्हीतलं बदलून ते बदलत नाही.

६. ॲपमध्ये सिनेमाचा ऑडिओ निवडताना भाषेपुढे ‘५.१’ लिहिलेला ट्रॅक घ्या. एकाच सिनेमाचा एका भाषेतला ट्रॅक ५.१ आणि दुसऱ्या भाषेतला स्टिरिओ असू शकतो.

ऑप्टिकलवाल्यांची अडचण अशी की ओटीटीवरचा ५.१ आवाज बहुधा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो आणि तो ऑप्टिकलमधून जात नाही. टीव्हीने तो साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून दिला तरच ५.१ मिळतो. आउटपुटमध्ये ‘डॉल्बी डिजिटल’ असा वेगळा पर्याय असेल तर तोच निवडा. पेन ड्राइव्हवरच्या काही फाइलींमध्ये डीटीएस (डॉल्बीसारखीच सराउंड आवाजाची दुसरी पद्धत) असतं, आणि काही टीव्ही ते वाजवतही नाहीत, पुढेही पाठवत नाहीत. त्या वेळी सेट बिघडलाय असं समजू नका, दुसरी फाइल लावून बघा.

*तपासा:* रिसीव्हरच्या डिस्प्लेवर येणारा सिग्नल कोणता ते बघा. ‘डॉल्बी डिजिटल’, ‘डीडी प्लस’ किंवा ‘डीटीएस’ सोबत पाच-सहा चॅनलची चौकट पेटली तर वाट मोकळी आहे. ‘पीसीएम २.०’ दिसलं तर पुन्हा वरच्या चौथ्या पायरीवर जा. यूट्यूबवरचे ‘५.१ टेस्ट’ व्हिडिओ यासाठी वापरू नका. तिथून बहुतेक वेळा स्टिरिओच पोहोचतो, आणि लोक त्यावरून मागचे स्पीकर बंद आहेत असा निष्कर्ष काढतात.

कॉम्प्युटर जोडला असेल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन ५.१ निवडा आणि तिथल्या टेस्टने एकेक स्पीकर वाजवून घ्या.

टप्पा ७ : आवाज जुळवणं

रिसीव्हरसोबत माइक आला असेल तर तो सोफ्यावर हातात धरून बसू नका. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर किंवा डब्यांच्या चळतीवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून थोडा पुढे ठेवा. पंखा बंद, एसी बंद, कुकर गॅसवर नाही. खोलीत कुणी नको. मोजणी पूर्ण होईपर्यंत बाहेर थांबा.

यंत्राने ठरवलेले आकडे डोळे मिटून स्वीकारू नका. तीन गोष्टी स्वतः बघा.

पहिली, अंतरं. स्पीकरची अंतरं टेपशी जुळायला हवीत. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर तसंच राहू द्या, त्याच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

दुसरी, स्पीकर ‘लार्ज’ की ‘स्मॉल’, म्हणजे खर्ज त्यांनी स्वतः वाजवायचा की सबवूफरकडे सोडायचा. यंत्र पुढच्या स्पीकरना पुष्कळदा ‘लार्ज’ ठरवतं. सबवूफर असताना सगळे ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. अगदी छोटे, तळहातात मावणारे स्पीकर असतील तर १२० ते १५०.

तिसरी, सबवूफरची पातळी. ती मोजपट्टीच्या अगदी टोकाला गेली असेल तर सबवूफरवरचं बटण त्याच दिशेने (पातळी खालच्या टोकाला असेल तर कमी, वरच्या टोकाला असेल तर जास्त) थोडं फिरवून मोजणी पुन्हा करा.

माइक नसेल तर टेपने प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून मेनूत भरा. ते भरणं महत्त्वाचं आहे, कारण आवाजाला एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो आणि जवळच्या स्पीकरला थोडं थांबवावं लागतं. मग टेस्ट टोन लावा, मोबाइलमधलं डेसिबल मोजणारं ॲप कानाच्या जागी धरा आणि पाचही स्पीकरचा आकडा सारखा येईपर्यंत पातळी बदला. मोबाइल दाखवतो तो आकडा नेमका नसतो, पण पाच आकड्यांची तुलना करायला पुरतो. मोबाइल धरायची दिशा मात्र बदलू नका.

हे सगळं झाल्यावर एक सिनेमा पूर्ण बघा आणि मगच हात लावा. संवाद अजून दबलेले वाटले तर फक्त सेंटर एक-दोन डेसिबल वाढवा. मागचे स्पीकर ‘ऐकू येत नाहीत’ म्हणून लगेच वाढवू नका. सिनेमात बराच वेळ ते शांतच असतात.

रात्रीसाठी ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’चा पर्याय सुरू करा. हळू संवाद वर येतात, स्फोट खाली बसतात, आणि सारखा रिमोट हातात धरावा लागत नाही.

टप्पा ८ : अडलं तर

*आवाज दुहेरी, विहिरीतून आल्यासारखा:* टीव्हीचे स्वतःचे स्पीकरही चालू आहेत. ते बंद करा.

*ओठ आधी, शब्द नंतर, किंवा उलट:* आवाज आधी येत असेल तर रिसीव्हरमध्ये ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ थोडा-थोडा वाढवा, किंवा टीव्हीत पिक्चर मोड ‘गेम’ किंवा साध्यावर नेऊन बघा. आवाज मागे पडत असेल तर आधी असलेला डिले शून्य करा.

*मोठ्या आवाजाला रिसीव्हर बंद पडतो:* आधी सगळ्या पिनांवर सुटी तार शोधा. मग एकेक स्पीकर काढून बघा. रिसीव्हरच्या वर सेट-टॉप बॉक्स ठेवला असेल तर तो हलवा. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायला काही इंच मोकळी जागा लागते.

*एक स्पीकर गप्प:* त्याची वायर चालणाऱ्या स्पीकरच्या वायरशी रिसीव्हरकडून अदलाबदल करा (प्लग काढून). दोष त्याच स्पीकरकडे राहिला तर वायर किंवा स्पीकर, दुसऱ्याकडे गेला तर रिसीव्हर.

*सबवूफरमधून सतत हम्म:* टीव्हीची केबल किंवा डिशची वायर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे, म्हणजे यंत्रं दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडली गेली आहेत. टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर, बॉक्स हे सगळं एकाच बोर्डवर घ्या. तरी राहिलं तर वायरमनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. हम्म थांबवायला म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका.

*वळवाच्या पावसात:* आकाशात कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग उपटा, आणि टीव्हीची केबल, डिशची वायर, नेटची वायरही काढा. एचडीएमआयने सगळी यंत्रं एकमेकांना जोडलेली असल्यामुळे डिशच्या वायरमधून आलेला झटका रिसीव्हरपर्यंत पोहोचतो.